पुस्तक कोणाचे? सामाईक ई-ग्रंथसंग्रह आणि वाचकाचा हक्क



आजवर पुस्तक ही हाताला लागणारी वस्तू होती. ग्रंथालयाने ते विकत घेतले, त्यावर शिक्का मारला, कपाटात ठेवले, की ते ग्रंथालयाचे झाले. ते किती जणांनी वाचावे, किती वर्षे ठेवावे, फाटले तर शिवून पुन्हा द्यावे की काय करावे, हे सर्व ग्रंथालयच ठरवीत असे. प्रकाशकाचा त्याच्याशी काही संबंध उरत नसे. आता पुस्तक मोबाईलच्या पडद्यावर येऊ लागले आहे. ते दिसते, वाचता येते, पण त्यावर शिक्का मारता येत नाही. असे पुस्तक कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न वरकरणी वकिलांचा वाटेल. तो तुमच्या घरातील त्या मुलीचा प्रश्न आहे, जिला परीक्षेसाठी ग्रंथ हवा आहे आणि तो विकत घेण्याची ज्या घरात ऐपत नाही. म्हणून या विषयाचा तुम्ही शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठी हा लेख.

एकट्या ग्रंथालयाला ई-पुस्तकांचा मोठा संग्रह उभारणे परवडत नाही. यास्तव अनेक सार्वजनिक ग्रंथालये एकत्र येतात, वर्गणी काढतात आणि सर्वांचा मिळून एक संग्रह उभा करतात. ही कल्पना नवी भासली तरी तिचे मूळ जुने आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात 1895 साली मोफत ग्रंथालयांसाठी एक सरकारी आयोग नेमण्यात आला. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1896 साली, त्या राज्यातील डन परगण्यात स्टाउट नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याने पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. एका वस्तीतील लोकांनी पेटी वाचून संपविली की ती पुढच्या वस्तीला जाई आणि तिच्या जागी दुसरी येई. कोणत्याही एका खेड्याला जेवढी पुस्तके घेता आली नसती, तेवढी या फेऱ्यामुळे प्रत्येक खेड्याला वाचावयास मिळत.

हीच रीत लवकरच आपल्याकडे आली. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि 1910 साली तेथील बॉर्डन या ग्रंथपालाला आपल्या संस्थानात बोलाविले. त्याच्या योजनेतून बडोदे संस्थानातील खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. ज्या राजाने 1913 साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडले, त्याच राजाने अमेरिकेची ग्रंथालय-पद्धती आपल्या प्रजेच्या दारी आणली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

विस्कॉन्सिनमध्ये त्या लाकडी पेटीचे काम आज एक सामाईक ई-ग्रंथसंग्रह करतो. त्या राज्यात 72 परगणे आणि सुमारे 380 सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ती प्रादेशिक व्यवस्थांमध्ये जोडलेली आहेत आणि या सर्व व्यवस्थांनी मिळून आपला एक संघ स्थापिला आहे. संघाच्या संग्रहातील पुस्तक मिलवॉकीसारख्या मोठ्या शहरातील वाचकाला जसे मिळते, तसेच जंगलाकडेच्या गावातील वाचकालाही मिळते. वर्गणी ठरविताना लोकसंख्या आणि प्रत्यक्ष वापर या दोहोंचा विचार होतो. ज्याचे वाचक अधिक त्याने अधिक द्यावे आणि लहानाने झेपेल तेवढे द्यावे, हे त्यामागील तत्त्व. पुस्तकांची निवडही एका गावाच्या हाती नसते. निरनिराळ्या भागांतील ग्रंथपाल मिळून ती करतात.

आता या संग्रहाचा व्यवहार कसा चालतो तेही पाहू. ई-पुस्तकाची नक्कल क्षणात होते, तेव्हा एकदा घेतलेले पुस्तक एकाच वेळी हजार जणांना देता येईल असे तुम्हाला वाटेल. बहुतेक व्यवहार तसा नाही. ‘एक प्रत, एक वाचक’ असा नियम असतो. एका वाचकाकडे पुस्तक असेपर्यंत दुसऱ्याने रांगेत उभे राहावयाचे. मुदत 21 दिवसांची असेल आणि प्रत एकच असेल, तर रांगेतील दहाव्या वाचकाला नऊ जणांची मुदत संपेपर्यंत, म्हणजे 189 दिवस थांबावे लागेल. परीक्षा तोवर होऊन गेलेली असेल.

या रांगेतच सहकाराची पहिली कसोटी लागते. मोठ्या शहरातील वाचक संख्येने अधिक, त्यांना नव्या पुस्तकाची वार्ता आधी लागते, त्यामुळे रांगेचा पुढचा भाग तेच व्यापतात. लहान गावचा वाचक मागे राहतो. रांग सर्वांना सारखीच असते हे खरे, परंतु सारख्या रांगेतही आधीचा पुढारलेलाच पुढे राहतो. यावर एक तोड काढण्यात आली. ‘ओव्हरड्राइव्ह’ ही कंपनी अनेक ग्रंथालयांना ई-पुस्तके पुरविते आणि तिचे ‘लिबी’ हे ॲप 2017 पासून चालू आहे. तिच्या व्यवस्थेत संघातील एखादे ग्रंथालय स्वतःच्या पैशाने केवळ आपल्या वाचकांसाठी जादा प्रती घेऊ शकते. त्यायोगे स्थानिक रांग कमी होते. पण याच सोयीत एक धोकाही आहे. सधन ग्रंथालयांनी आपला पैसा आपल्याच खासगी प्रतींत घालावा आणि सामाईक निधी कोरडा पडू द्यावा, असे झाले तर संघ नावापुरता उरेल. म्हणून स्थानिक प्रती संघातील इतरांना खुल्या करण्याची जी सोय त्या व्यवस्थेत आहे, ती वापरणे हे मोठ्या ग्रंथालयाचे कर्तव्य होय. ते दान समजू नये. सामाईक भांडारातून तेही घेतच असते.

येथवर सहकाराची गोष्ट झाली. आता मालकीची गोष्ट ऐका.

अमेरिकेत 1908 साली एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत सूचना छापली होती की हे पुस्तक एक डॉलरहून कमी किमतीस कोणी विकू नये. मेसी या दुकानदारांनी ते 89 सेंटांना विकले. न्यायालयाने निकाल दिला की पुस्तक एकदा विकले की त्या प्रतीवरील प्रकाशकाची सत्ता संपली. ज्याने ते विकत घेतले त्याने ते हव्या त्या किमतीस विकावे. पुढच्याच वर्षी हे तत्त्व तेथील कायद्यात आले. तेथील ग्रंथालयाला विकत घेतलेले पुस्तक कोणाचीही परवानगी न घेता उसने देता येते, ते याच आधारावर.

ई-पुस्तकाला हा आधार नाही. ग्रंथालय ते विकत घेत नाही, त्याला केवळ परवाना मिळतो आणि परवान्याच्या अटी प्रकाशक लिहितो. 2011 साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने ठरविले की ग्रंथालयाला दिलेले तिचे ई-पुस्तक 26 वेळा उसने गेले की परवाना संपेल. पुन्हा हवे असल्यास पुन्हा पैसे भरा. दोन आठवड्यांची मुदत धरली तर 26 वेळा म्हणजे बरोबर 52 आठवडे, एक वर्ष. छापील पुस्तकही झिजते, असे समर्थन करण्यात आले. तेव्हा ओक्लाहोमा राज्यातील ग्रंथपालांनी 26 पेक्षा कितीतरी अधिक वेळा उसनी गेलेली आणि तरीही धडधाकट असलेली छापील पुस्तके चित्रफितीत दाखवून या युक्तिवादाला उत्तर दिले. पुढे 2018 मध्ये पेंग्विन रँडम हाउसने आणि 2019 मध्ये हॅशेटने कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे परवाने सुरू केले. दोन वर्षे संपली की पुस्तक कोणी वाचलेले असो वा नसो, ते संग्रहातून नाहीसे होते.

याचा अर्थ काय? ज्या ग्रंथालयाजवळ दरवर्षी पैसा आहे त्याचा संग्रह टिकतो, आणि ज्याचे अनुदान एका वर्षी खुंटले त्याचे कपाट आपोआप रिकामे होते. छापील पुस्तकांचे गरीब ग्रंथालय जुनी पुस्तके तरी वाचकाच्या हाती देऊ शके. परवान्यावर चालणाऱ्या गरीब ग्रंथालयाजवळ जुनेही काही उरत नाही. गरिबाला वारसा नसावा, अशीच ही रचना आहे.

यावर आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. लेखकाला पोट आहे, प्रकाशकाला खर्च आहे. फुकटचे पुस्तक घरबसल्या मिळू लागले तर विकत कोण घेणार? या भीतीत काही तथ्य आहे. छापील पुस्तक आणावयास ग्रंथालयात जावे लागते. ई-पुस्तकाला तो हेलपाटा नाही. लेखकाच्या श्रमाचे मोल बुडवून वाचकाचा हक्क उभारावा, असे आपण कधीही म्हणू नये. श्रमाचे मोल बुडणे म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसले त्यांनी तर नाहीच. परंतु ग्रंथालय चोरी करीत नाही, ते पैसे मोजते. मागणी एवढीच की मोजलेल्या पैशाचा मोबदला वाजवी असावा आणि अटी ठरविताना दुसऱ्या पक्षालाही तोंड असावे.

तोंड कोणाला असते? जो एकटा आहे त्याला नसते. 2019 सालची हकीकत पाहा. मॅकमिलन प्रकाशनसंस्थेने जाहीर केले की 1 नोव्हेंबर 2019 पासून नव्या ई-पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत मिळेल. व्यवस्था खेड्याची असो वा महानगराची, प्रत एकच. वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीची ग्रंथालय-व्यवस्था दहा लाखांहून अधिक लोकांची सेवा करते. तिने सांगितले की अशा अटीवर आम्ही तुमची नवी ई-पुस्तके घेणारच नाही. इतर अनेक ग्रंथालयांनी हाच मार्ग धरला. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने सह्यांची मोहीम काढली आणि लाखाहून अधिक वाचकांनी सह्या केल्या. 17 मार्च 2020 रोजी, महामारीच्या प्रारंभी, मॅकमिलनने ही अट मागे घेतली. महामारीचा भाग त्यात होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु साडेचार महिने ग्रंथालये आणि वाचक एकत्र उभे राहिले नसते, तर अट मागे घ्यावी असे कोणाच्या मनातही आले नसते.

त्याच वर्षी ब्लॅकस्टोन या ध्वनिपुस्तकांच्या कंपनीने काही नवी ध्वनिपुस्तके पहिले 90 दिवस ग्रंथालयांना द्यावयाची नाहीत असे ठरविले. तेव्हा वॉशिंग्टन राज्यातील ग्रंथालयांच्या डिजिटल संघाने 1 ऑगस्टपासून सहा महिने त्या कंपनीच्या ई-ध्वनिपुस्तकांवर बहिष्कार पुकारला. या संघातील एखादे लहान ग्रंथालय एकटे रुसले असते तर कंपनीला ते कळलेही नसते. सामाईक खरेदीचा खरा लाभ स्वस्ताईहूनही मोठा आहे. तिने दुर्बळांना नकार देण्याचे बळ येते.

कायद्याचा मार्गही चोखाळण्यात आला. मेरीलँड राज्याने 2021 साली कायदा केला की लोकांना विकले जाणारे ई-पुस्तक ग्रंथालयांनाही वाजवी अटींवर दिले पाहिजे. प्रकाशकांच्या संघटनेने दावा लावला, आणि 2022 मध्ये न्यायालयाने तो कायदा अवैध ठरविला. कारण असे की ग्रंथस्वामित्वाचा विषय केंद्राच्या अखत्यारीतला. कनेक्टिकट राज्याने 2025 साली वेगळी वाट काढली. प्रकाशकावर सक्ती न करता त्याने आपल्या ग्रंथालयांवरच बंधन घातले की एकाच परवान्यात मुदत आणि उसनवारीची संख्या अशी दुहेरी मर्यादा असेल तर तो करार करू नये. मात्र इतर राज्यांनी तसेच कायदे केले आणि त्यांची एकत्रित लोकसंख्या 70 लाखांवर पोचली, तरच ते बंधन लागू व्हावयाचे आहे. एकट्याने नकार दिला तर आपलेच वाचक उपाशी राहतील, हे त्या राज्याला उमगले होते.

बंधु-भगिनींनो, आणखी दोन प्रसंग सांगतो. त्यांतून सामाईक संग्रहाची दुसरी बाजू दिसेल. टेक्सास राज्यातील लॅनो या लहान परगण्याने डिसेंबर 2021 मध्ये आपल्या वाचकांचा सामाईक ई-संग्रह बंद केला. तेथील काही नागरिक न्यायालयात गेले. त्यांची फिर्याद अशी की अधिकाऱ्यांना दोन पुस्तके नको होती. संग्रह सामाईक असल्याने ती दोनच वगळता येईनात, म्हणून त्यांनी सर्वच पुस्तकांचे दार लावून घेतले. यावरून दोन गोष्टी दिसतात. सामाईक संग्रहामुळे गावच्या चार प्रतिष्ठितांना एखादे पुस्तक गुपचूप कपाटातून काढता येत नाही. हा मोठाच लाभ आहे. पण त्याच प्रतिष्ठितांच्या हाती दाराची किल्ली राहिली, तर ते सर्वांचे वाचन एका झटक्यात बंद करू शकतात. ‘सार्वजनिक’ हा शब्द कागदावर असणे आणि व्यवहारात असणे यांतील अंतर आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

दुसरा प्रसंग पैशाचा. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढून ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे काम जवळपास गुंडाळले. मिसिसिपी राज्यात त्या मदतीवर चालणारी ‘हूपला’ ही ई-पुस्तकांची सेवा थांबविण्यात आली. अनेक राज्ये न्यायालयात गेली आणि पुढे निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरी मधल्या काळात वाचकाचे हात रिकामेच राहिले. ज्या हक्काचा निर्वाह एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालतो, तो हक्क नसून मेहेरबानी ठरते.

या सर्व अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की सामाईक ई-संग्रह अवश्य असावा, पण तो चार अटींवर असावा. पहिली अट, वर्गणी ऐपतीप्रमाणे आणि पुस्तक गरजेप्रमाणे. लहान ग्रंथालयाने थोडे दिले म्हणून त्याच्या वाचकाला दुय्यम लेखू नये. दुसरी, निवड-समितीत लहान गावांच्या आणि मागे राहिलेल्या वस्त्यांच्या ग्रंथपालांना व वाचकांना जागा असावी. कोणते पुस्तक संग्रहात यावे हे ठरविणाराच शेवटी लोकांनी काय विचार करावा हे ठरवीत असतो. तिसरी, जेथे शक्य तेथे कायमच्या मालकीची पुस्तके घ्यावीत आणि मुदतीचा परवाना नाइलाज म्हणून घ्यावा. जी पुस्तके स्वामित्वाच्या मुदतीबाहेर गेली आहेत, ती तर ग्रंथालयांनी स्वतःच्याच भांडारात ठेवावीत. चौथी, छापील पुस्तकांची खरेदी ई-पुस्तकाच्या नावाखाली बंद करू नये. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलांना पडद्यावरचे पुस्तक असून नसल्यासारखेच आहे.

आता हे परदेशाचे पुराण आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ऐका. कोल्हापूर संस्थानात 1945 सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्र राज्याने 1967 साली आपला कायदा केला आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांनी ग्रंथालयांना अनुदान मिळते. म्हणजे पाया आपल्याकडे आहे. सामाईक खरेदी आपल्या देशाला जमत नाही असेही नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठरविले आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 संशोधन-नियतकालिके 6,300 हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना एकत्रितपणे खुली करावयाचे योजिले. जे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यासाठी होऊ शकते, ते तालुक्याच्या वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्या मुलासाठी का होऊ नये? त्याला महाविद्यालयाचे ओळखपत्र नाही, एवढाच ना त्याचा अपराध?

तेव्हा, वाचकहो, या कामी तुमचेही काही कर्तव्य आहे. आपल्याकडील बहुसंख्य सार्वजनिक ग्रंथालये नोंदणीकृत संस्था चालवितात. त्यांना सभासद असतात आणि वार्षिक सभा असते. तुम्ही सभासद व्हा. घरातील स्त्रियांना आणि मुलांना सभासद करा. वार्षिक सभेला जाऊन बसा आणि विचारा की पुस्तके निवडणाऱ्या समितीत कोण कोण आहे, या वर्षी कोणती पुस्तके आली, शेजारच्या गावच्या ग्रंथालयाशी आपण पुस्तकांची देवघेव का करीत नाही. उद्या कोणी ई-पुस्तकांची योजना घेऊन आला तर आनंदाने ऐका, पण दोन प्रश्न अवश्य विचारा. हे पुस्तक आमचे होणार की मुदत संपताच जाणार? आणि ते बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहणार?

हे प्रश्न विचारावयास मोठी विद्वत्ता लागत नाही, सभेत उठून उभे राहण्याचे धैर्य तेवढे लागते. पुस्तकांची पेटी शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीने येई, आज ती तारेवाचून येते. ती सर्वांच्या दारी थांबते की काही दारे गाळून पुढे जाते, हे पाहण्याचे काम ज्यांची दारे पूर्वी गाळली गेली त्यांनीच केले पाहिजे. दुसरा कोणी ते आपल्यासाठी करील या भरवशावर राहू नका.